चिकूच्या झाडाखाली स्पॅनिश

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींच्या अर्जात हल्ली एक रकाना असतो: ओपन इलेक्टिव्ह. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याबरहुकूम पदवीचा आराखडा ठरवला, आणि हा रकाना अर्जात येऊन बसला. त्याची अट मोठी मजेशीर आहे. तुमचा मुख्य विषय ज्या शाखेचा, त्या शाखेबाहेरचाच विषय इथे घ्यायचा! कॉमर्सच्या मुलाने विज्ञानाच्या वर्गात डोकवायचं, बीएस्सीच्या मुलीने कर कसे लागतात ते शिकायचं. कुठे स्पॅनिशसारखी परदेशी भाषा मिळते, कुठे कलेचा इतिहास. सगळे मिळून दहा-बारा क्रेडिट, आणि वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट.

यादी घरी दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला: "हे कशाला? याचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध शोधायला आपण डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला जाऊ. घोलवड स्टेशनपासून जवळच ही टेकडी आहे. वर १९७६ पासून चालणारं कृषी विज्ञान केंद्र, खाली चिकूच्या वाड्या, आजूबाजूला वारल्यांचे पाडे. विज्ञान, स्पॅनिश, करआकारणी आणि कलेचा इतिहास हे चारही विषय इथे एकमेकांत असे गुंतलेत की एक ओढला तर दुसरा हलतो. खरं वाटत नाही ना? एक कच्चा चिकू घ्या हातात.

चिकू तयार झालाय की नाही, हे बाहेरून ओळखणं महाकठीण. आंबा रंग बदलतो, केळं पिवळं होतं. चिकू मात्र कच्चा असतानाही तपकिरी आणि पिकल्यावरही तपकिरी! म्हणून वाडीतले जाणकार फळावर नखाने हलका ओरखडा काढतात. सालीखाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, तर फळ अजून झाडावरच राहू द्यायचं. पिवळसर दिसलं आणि चीक जवळजवळ नाहीसा झाला असेल, तर तोडायला हरकत नाही. तोडल्यावरही फळाचं काम थांबत नाही. ते इथिलीन नावाचा वायू सोडतं, त्या वायूच्या इशाऱ्यावर आतला गर मऊ आणि गोड होत जातो. कच्चं फळ चुकून चावलंत तर जीभ आखडते, कारण त्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा गोळा करतात. तीच टॅनिनं फळ पिकताना अविद्राव्य होतात, म्हणजे लाळेत विरघळत नाहीत. मग जिभेला त्यांचा पत्ताही लागत नाही. टॅनिन फळातच आहे, फक्त आपल्याला जाणवत नाही!

आता त्या चिकाकडे या. बोटाला लागला की साबणाने घासूनही सुटत नाही, असा तो चिवट. त्यात आहे पॉलिआयसोप्रीन: आयसोप्रीन नावाच्या एका छोट्या रेणूचे शेकडो-हजारो जुळे एकामागोमाग जोडून झालेली लांबच लांब साखळी. रबराच्या झाडाच्या चिकातही हीच साखळी असते. गट्टापर्चा नावाच्या, एके काळी समुद्राखालच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरल्या जाणाऱ्या कडक पदार्थातही हीच. तीच कडी, तीच साखळी, मग एक ताणलं की लांबतं आणि दुसरं कडक का?

इथे वारल्यांचा तारपा नाच मदतीला येतो. नाचणारे एकमेकांना धरून रांग करतात. समजा, प्रत्येकाने आपले दोन्ही हात एकाच बाजूला नेऊन शेजाऱ्यांना धरलं, तर रांग वाकडीतिकडी होईल, आत वळेल, गुंडाळत जाईल. टोकांना ओढलं तर ती सरळ होईल, सोडलं की परत गुंडाळेल. रबराची साखळी अशी असते. आणि प्रत्येकाने एक हात इकडे, एक हात तिकडे नेला, तर रांग सरळसोट राहील आणि अशा अनेक रांगा शेजारी शेजारी घट्ट दाटीने उभ्या राहतील. तो झाला गट्टापर्चा. माणसं तीच, हात धरण्याची बाजू तेवढी बदलली!

चिकूच्या चिकात या दोन्ही तऱ्हा एकत्र असतात. म्हणून तो ना धड रबर, ना धड कडक. तो दातांखाली दबतो, मऊ पडतो, पण तुटत नाही आणि विरघळतही नाही. अशा पदार्थाचं माणूस काय करेल? चघळत बसेल! मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात शेकडो वर्षं हेच चाललं होतं. चिकूच्या झाडाच्या बुंध्यावर वेड्यावाकड्या खाचा पाडायच्या, वाहून आलेला चीक गोळा करायचा, उकळून घट्ट करायचा.

मग १८६० च्या दशकात एक विलक्षण पाहुणा न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर येऊन राहिला: अंतोनिओ लोपेझ दे सांता आना, मेक्सिकोचा अनेक वेळा राष्ट्राध्यक्ष झालेला, टेक्सास गमावलेला आणि आता हद्दपार असलेला सेनापती. त्याच्याकडे हा चीक होता. त्याचं रबर बनवून विकावं, असा बेत. थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या धडपड्या माणसाने तो हाती घेतला आणि रबर काही केल्या जमेना. शेवटी अ‍ॅडम्सने तो चीक चघळायचा माल म्हणून विकायला काढला. १८७१ साली त्याने त्याचं पेटंटही घेतलं. जगभरच्या शाळांतल्या बाकांखाली चिकटलेल्या च्युइंग गमचा हा मूळपुरुष! आज दुकानात मिळणाऱ्या गममध्ये बहुतेक ठिकाणी कारखान्यात बनवलेली कृत्रिम रबरं असतात, चिकूचा चीक नव्हे. घोलवडच्या वाडीत मात्र झाडाला कोणी खाचा पाडत नाही. तिथे ज्या झाडाचा चीक मोलाचा, त्याच झाडाचं इथे फळ मोलाचं.

झाड एवढा समुद्र ओलांडून आलं कसं? इथून स्पॅनिशचा तास सुरू होतो.

१५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, स्पॅनिश गलबतं मेक्सिकोतलं अकापुल्को आणि फिलिपीन्समधलं मनिला यांच्यामध्ये पॅसिफिक महासागर ओलांडत होती. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना चिनी रेशीम. या फेऱ्यांमध्ये अमेरिकेतली झाडंही फिलिपीन्सला पोचली. चिकू त्यांपैकीच एक. मेक्सिकोत त्याला चिकोसापोते म्हणतात, फिलिपीन्समध्ये नुसतंच चिको. पुढे काय झालं, ते कानच सांगतात. महाराष्ट्रात चिकूची पहिली लागवड घोलवडला झाली, १८९८ साली.

आता जरा थांबून त्या गलबतांच्या काळचा नकाशा बघा. फिलिपीन्सला नाव पडलं स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याच्यावरून. याच फेलिपेने १५८० साली पोर्तुगालची गादीही मिळवली, आणि १६४० पर्यंत दोन्ही राज्यांचा राजा एकच राहिला. आणि तेव्हा वसई-तारापूरचा आपला किनारा कोणाकडे होता? पोर्तुगीजांकडे! चिमाजी अप्पांच्या मोहिमेने तो सुटला १७३९ साली. म्हणजे ज्या राजाची गलबतं मेक्सिकोची झाडं मनिलाला नेत होती, त्याच राजाच्या नावाने वसईच्या किल्ल्यातही कारभार चालत होता. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन धडे दोन वेगळ्या प्रकरणांत असतात, त्यामुळे आपल्या लक्षातच येत नाही.

स्पॅनिश शिकलेल्या मुलीला यापुढचं दारही उघडतं. बर्नार्दिनो दे साहागून नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने सोळाव्या शतकात मेक्सिकोत एक अचाट काम केलं. तिथल्या नाहुआ लोकांचे जाणते वडीलधारे आणि शिकलेली तरुण मंडळी यांना बरोबर घेऊन त्याने त्यांच्या देवदेवता, बाजार, झाडंझुडपं, औषधं, चालीरीती, अगदी स्पॅनिशांनी केलेली लढाईसुद्धा लिहून काढली. बारा खंड, १५७७ च्या सुमारास पुरे झालेले. बहुतेक पानांवर दोन स्तंभ: एकात नाहुआतल भाषा, दुसऱ्यात स्पॅनिश. सोबत शेकडो चित्रं. हस्तलिखित आज इटलीत फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे आणि २०२३ पासून चित्रं, मजकूर, भाषांतरं यांसकट इंटरनेटवर शोधता येईल अशा रूपात उपलब्ध आहे. घोलवडच्या बाकावर बसून मोबाइलवर उघडा!

त्यात चीक चघळण्याबद्दलही आहे बरं का. कोणी चघळावा, कुठे चघळावा, याचे त्या समाजाचे संकेतच साहागूनने नोंदवलेत. अविवाहित मुलींनी चारचौघांत चघळला तरी चालेल, लग्न झालेल्या बायकांनी मात्र घराच्या आडोशाला. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका शहरातल्या बायका बाजारातून जाताना तोंडातल्या चिकाचा आवाज करताहेत आणि कोणीतरी नाक मुरडतंय, हे त्या पानांतून आजही ऐकू येतं. परकी भाषा शिकण्याचे फायदे सांगताना लोक नोकरी-धंद्याचं बोलतात. मला विचाराल तर हे नाक मुरडणं वाचायला मिळणं हाच मोठा फायदा.

वनस्पतिशास्त्राने अजून एक चमत्कार राखून ठेवलाय. चिकूचं कलम आपल्याकडे बहुतेक वेळा खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी, म्हणजे गुजरातेत जिला रायण म्हणतात ती. उन्हाळ्यात छोटी पिवळी फळं देणारं हे इथलंच रानझाड. चिकू आणि खिरणी एकाच वंशातले, म्हणून एकाची फांदी दुसऱ्याच्या मुळांवर जीव धरते. वाडीतल्या चिकूच्या झाडाचं वरचं अंग मेक्सिकोचं आणि जमिनीतलं अंग इथलं! आणि याच कुळात, सॅपोटेसी कुळात, आणखी एक झाड आहे. त्याच्याशिवाय वारल्यांचं वर्ष सरत नाही. मोह.

म्हणजे एकाच कुळातली दोन झाडं: एक वाडीत, एक रानात. एकाचं फळ पेटीत भरून मुंबईला जातं, दुसऱ्याची फुलं मार्च-एप्रिलच्या पहाटे जमिनीवर पडतात आणि टोपलीत वेचली जातात. आणि आता कायदा या दोघांकडे कसा बघतो ते पाहा. कर हा विषय रुक्ष आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी खास इथे लक्ष द्यावं.

चिकूच्या वाडीचं उत्पन्न हे शेतीचं उत्पन्न, त्यावर केंद्राचा आयकर नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. का नाही, हे फार थोड्यांना. भारतात पहिला आयकर आला १८६० साली. १८५७ च्या उठावाने सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला जेम्स विल्सन यांनी तो आणला. आणि त्यात शेतीचं उत्पन्नही धरलेलं होतं! ते बाहेर पडलं १८८६ च्या कायद्याने. शेतकरी जमीन महसूल भरतोच, त्याच उत्पन्नावर पुन्हा आयकर कसा घ्यायचा, हा मुद्दा. पुढे कायदे बदलले, राज्य बदललं, ही सूट टिकली. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार संविधानाने राज्यांना दिला. केंद्राने १९७३ साली एक आडवाट काढली: नोकरी किंवा धंद्याचं उत्पन्नही असेल, तर शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून कराचा दर ठरवायचा, पण शेतीच्या भागावर कर घ्यायचा नाही. म्हणजे शेतीला हात न लावता तिच्या उंचीचा उपयोग करून घ्यायचा. ही कल्पना के. एन. राज यांच्या समितीची, आणि मला ती फार हुशारीची वाटते.

पण "शेती" म्हणजे काय? इथे खरी गंमत आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालमधल्या एका जमीनदाराच्या जंगलाचं प्रकरण आलं. न्यायालयाने सांगितलं की जमिनीवर माणसाचे कष्ट हवेत: नांगरणी, पेरणी, लावणी अशी मूळ कामं. आपोआप उगवलेलं रान नुसतं कापून विकलं, तर ती शेती नव्हे. निंदणी, खुरपणी, राखण ही कामं शेतीची खरी, पण आधीची मूळ कामं झालेली असतील तरच. आता हाच नियम आपल्या दोन चुलतभावंडांना लावा. चिकू कलम करून, खड्डा खणून लावलेला: शेती. मोह आपला आपण उगवलेला: कायद्याच्या लेखी शेती नाही. कुळ एक, पण कागदावर एक बागायतदार आणि दुसरा कोणीच नाही. आणि चिकूचे वेफर्स करून विकले तर? फळ बाजारात नेण्याजोगं करायला शेतकरी साधारणपणे जेवढं करतो, तेवढंच शेतीत मोडतं. वेफर्सचा नफा त्यापलीकडचा, म्हणजे धंद्याचा. तेव्हा एकाच पाकिटातलं उत्पन्न दोन वाटण्यांत जातं. परीक्षेत पाच मार्कांना येण्यासारखा प्रश्न आहे!

मोहाचं नशीब याहून वाईट. मोहाच्या फुलांत साखर भरपूर, म्हणून त्यांची दारू होते, आणि दारू म्हणजे इंग्रज सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारची पकड घट्ट केली. ताडी काढायच्या झाडांवर झाडागणिक कर बसला. घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू ठेकेदाराचा धंदा बुडवते, म्हणून १८९२ साली खास कायदाच झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांची साठवण आणि विक्री यांवर निर्बंध आले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. विचार करा: झाडावरून आपोआप गळणारं फूल, ते घरात साठवलं तर गुन्हा! दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्यातही मोहाच्या फुलांवर नियंत्रण राहिलं. महाराष्ट्र सरकारने ती बंधनं सैल केली २०२१ साली. करांचा इतिहास वाचायचा तर तिजोरीच्या हिशेबापेक्षा अशा टोपलीत डोकवावं.

आणि काही देणी तर कोणत्याच कायद्यात नव्हती. अर्थशास्त्रात कराची व्याख्या काय? सक्तीने घेतलेलं, थेट मोबदला न मिळणारं देणं. या व्याख्येतून "सरकारने" हा शब्द क्षणभर काढा आणि डहाणू-तलासरीतली वेठ आठवा. आदिवासीने सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या दावणीला, त्याला म्हणायचे लग्नगडी. पावती नाही, मुदत नाही, अपील नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी या गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. पण वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. अभ्यासक्रमात ते साहित्याच्या यादीत सापडेल, पण करआकारणीच्या यादीतही घालायला माझी हरकत नाही.

आता चौथा विषय. वारली चित्र कोणाला माहीत नाही? साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, सगळीकडे ती त्रिकोणी माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर एक गोल, चार रेघा. संपला माणूस. पण त्या दोन त्रिकोणांच्या टोकाशी नीट बघा. सगळा तोल त्या एका बिंदूवर असतो. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस नाचायला लागतो, आणखी कलला की पळायला. आणि तारप्याचा गोल? तो आपण वरून बघतोय, पण नाचणारे बाजूने दिसतात. एकाच चित्रात दोन ठिकाणी उभं राहून बघणं! युरोपातल्या चित्रकारांनी विसाव्या शतकात असं काही केलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला.

मूळ चित्र लग्नाचं. घराची कुडाची भिंत शेणाने किंवा गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि सुवासिनींनी लग्नाचा चौक काढायचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

आणि इथेच कलेच्या इतिहासाचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. भिंत पुन्हा सारवली जाते. पाऊस येतो. चित्र पुसलं जातं, पुसलं जावं म्हणूनच काढलेलं असतं. मग शंभर वर्षांपूर्वीचा चौक कसा होता, हे सांगायचं कशावरून? ही कला हजारो वर्षांची आहे असं माहितीपत्रकांत बेधडक छापलेलं असतं, पण तेवढी जुनी भिंत कोणी दाखवत नाही. कलेचा इतिहासकार मग दुसरीकडे वळतो: लग्न लावणारी धवलेरी जी गाणी म्हणते त्यांत कोणते देव येतात, चौकात काय काढायचंच आणि काय काढायचं नाही याचे नियम कोणते, हात कोणाचा चालतो. वस्तू न उरलेल्या कलेचा इतिहास असा माणसांकडून काढावा लागतो.

ही कला कागदावर कधी आली, हे मात्र नक्की सांगता येतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून डहाणूच्या पाड्यांत आले. कागद दिले, रंग दिले. त्यातून गंजाडजवळच्या कलंबीपाड्यातले जिव्या सोमा म्हशे पुढे आले. लहानपणी आई गेली तेव्हा हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. चौक काढायचा तो सुवासिनींनी, पण म्हशे रोज काढत राहिले, विधी असो नसो. त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र एकदा तरी जवळून बघावं. पूर्ण कागदभर जाळं, हजारो बारीक घरं, प्रत्येक घर हाताने काढलेलं, आणि तरी ते पाण्यात हलल्यासारखं वाटतं. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००३ साली जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. लाँग मैलोन्मैल चालतो आणि वाटेत दगड, माती, रेघा यांतून काम उभं करतो. माती आणि रेघ! क्युरेटरला ही जोडी सुचली, यात नवल नाही. २०११ ला म्हशे यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले.

तर हे चार विषय. पण मुळात "विषय निवडा" असं विद्यार्थ्याला म्हणायची टूम कुठून आली? हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षं या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि तिथला ठरीव अभ्यासक्रम जवळजवळ मोडीत काढला. तास मोजून क्रेडिट देण्याची गोष्ट तर त्याहून गमतीची. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कोणाला द्यायची? कॉलेजच्या प्राध्यापकाला. कॉलेज कशाला म्हणायचं? जिथे प्रवेशाला शाळेतला ठरावीक अभ्यास लागतो त्याला. ठरावीक म्हणजे किती? तास मोजा! म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनीतून हा तासांचा हिशेब निघाला आणि फिरत फिरत पालघर जिल्ह्यातल्या प्रवेश-अर्जावर आला. त्यात आता एक सोय आहे: २०२१ पासून विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेऊ देऊ शकतात आणि ते क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात. कॉलेजात नसलेला विषय घ्यायलाही वाट आहे.

निवड पदवीच्या वर्गातच सुरू होते, असं मात्र कोसबाडला सांगू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ साली ते या टेकडीवर आणलं. ताराबाईंनी माँटेसरीचा विचार पुरता पचवलेला: साधनं समोर ठेवायची, कोणतं उचलायचं ते मुलाने ठरवायचं. पण परदेशी लाकडी साधनं महाग. मग शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या. मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं लावायला याहून चांगलं काय हवं? मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या योजनेने हेच नाव घेतलं. तरी काही मुलं अंगणातही सापडेनात, कारण ती दिवसभर गुरांमागे. तेव्हा शिक्षिका त्यांच्या मागे कुरणात गेल्या. त्या शाळेचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत तिथेच अक्षरं, तिथेच मोजणी, तिथेच गाणी. कार्नेगीच्या तासांच्या मापात हे बसवायला गेलं तर पहिली अडचण हजेरीपटाची येईल: मुलं हजर, बाई हजर, गुरं हजर, गैरहजर एकटी शाळेची इमारत!